वाढलेली बांगडी

माझ्या धाकट्या भावाने पुण्यात केनियाच्या मुलीशी लग्न केलं. आईने ते ऐकून घेतलं, मानलं मात्र नाही. रविवारी आम्ही सगळे व्हिडिओ कॉलवर जमायचो, तेव्हा भावजय त्याच्या शेजारी बसलेली दिसायची. आई तिच्याशी चकार शब्द बोलायची नाही. नाव काढायची वेळ आलीच तर म्हणायची, ‘ती’. गावाने रंगावरून नाकं मुरडली तेव्हा माझं डोकंच फिरलं. उन्हात कापूस वेचणारे आम्ही, आम्ही तरी कुठले दुधात धुतलेले!

शेवटी देवीच्या पाया पडायला दोघं आमच्या गावी, पिंपळगावला आली. रीत म्हणून कासारीण नवरीला हिरवा चुडा भरायला बसली. भावजयीचा पंजा चांगला रुंद, बांगडी अंगठ्याशी अडायची. आई दारातूनच बघत होती. तिच्या मनातलं मला ठाऊक होतं. एखादा अपशकुन झाला की देवीलाच हे पसंत नाही, असं म्हणायला ती मोकळी.

आणि कडकन आवाज आला.

"फुटली!" आईच ओरडली.

जमलेल्या बाया वळून आईकडेच बघायला लागल्या. बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, हे आम्हाला जन्मभर दटावून शिकवणारी आईच होती. तिचं तोंड एवढंसं झालं. अपशकुन हवा होता खरा, पण बांगडी आपल्याच लेकाच्या नावाची आहे, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं असावं.

भावजय काचा गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "फुटली न्हाई, आई. वाढली."

ते ‘न्हाई’सुद्धा अगदी आमच्या घरचं!

"कोनी शिकवलं तुला?" आईने विचारलं. भावजयीशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य.

"तुम्हीच. फोनवर ताईला रागावल्या होत्या तवा."

खरंच की. माझी बांगडी फुटल्याचं मी सांगत होते आणि आईने मला झापलं होतं. आई जिच्याकडे बघतही नव्हती, ती तिकडे भावाशेजारी बसून आईचा एकेक शब्द उचलत होती.

आई आत आली. साबण मागवला, भावजयीसमोर बसकण मारली आणि तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"सरका जरा," ती कासारणीला म्हणाली. "माझ्या सुनेचा हात हाय. मी भरते."