तेरावा खण

अबू सबरीच्या हातात दिवसभर आरी असायची. अम्मानच्या जुन्या बाजारात, मशिदीमागच्या जिन्याखाली त्याचं बूट दुरुस्तीचं दुकान होतं. चामड्याला भोक पाडायचं, दोरा ओवायचा, गाठ मारायची. गिऱ्हाइकाशी घासाघीस नाही, वरचा आवाज नाही. आमच्या निर्वासितांच्या छावणीत असा माणूस मूर्ख ठरतो. मीही त्याला बरेच दिवस मूर्खच समजत होते.

कारण ते डबे. राशनच्या तुपाचे चार रिकामे डबे त्याने नाण्यांनी भरून पलंगाखाली ठेवले होते. मोडीवाल्याकडून जुनी चांदी आणायचा, शेजारपाजारचे देतील ते घ्यायचा. झिजलेलं, वाकलेलं, राखेने घासून गुळगुळीत केलेलं, काहीही. त्याची बायको उम्म सबरी म्हणायची, "लोकांच्या पलंगाखाली उंदीर असतात, माझ्या पलंगाखाली सुलतान आहेत. उंदरांना निदान औषध तरी मिळतं."

तो का जमवतो ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. अठ्ठेचाळीस साली लिद्दजवळचं त्यांचं गाव सुटलं तेव्हा तो सहा वर्षांचा होता. भर उन्हातली वाट, कधी पायी, कधी आईच्या कडेवर. आईने ओढणीखाली लग्नातली नाण्यांची टोपी घातली होती. कपाळावर मधोमध लोंबायची ती मजीदी, तुर्की सुलतानाच्या काळातलं, पोराच्या तळहाताएवढं चांदीचं नाणं. सगळं तापलेलं, ते नाणं तेवढं घामाने गार. पोराने त्याला गाल टेकवला आणि झोपला. पहिल्या हिवाळ्यात तंबूत आईने टोपीवरची नाणी एकेक उसवून विकली, मजीदी सगळ्यात शेवटी.

पुढे आईने त्या टोपीचं नाव कधी काढलं नाही. विकलेल्या टोपीबद्दल बाईला विचारायचं नाही, हा आमच्यातला दंडक. विचारणं म्हणजे तिच्या जखमेवर बोट ठेवणं. अबू सबरीने आईला विचारलं नाही. ती गेल्यावर मावशीलाही नाही.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात गाव सुटल्याला पन्नास वर्षं होत होती. मी बायकांच्या सभागृहात प्रदर्शन मांडत होते. शाळा मी सहावीत सोडली, पण छावणीच्या गटारापासून पाण्याच्या नळापर्यंत प्रत्येक अर्ज माझ्या हातचा आहे. काम कसं तडीस न्यायचं ते मला कळतं. मी त्याच्या दुकानात गेले.

"काका, तुमची नाणी पाहिजेत. पण डबे नकोत. डबे बघून लोक म्हणतील भंगारवाला आलाय."

"मग काय आणू?"

"बारा आणा. ज्यांच्याकडे बघून माणूस जागीच थांबेल अशी."

जुन्या नाण्यांचा व्यापारी बेद्रोस, म्हातारा आर्मेनियन, त्याला मी छावणीत घेऊन आले. त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि चटईवर ढीग ओतायला सांगितलं. "हा ढीग आहे, संग्रह नाही," तो म्हणाला. "संग्रह म्हणजे काय ठेवलं ते नाही. काय सोडलं ते." घासलेली बाजूला. झिजलेली बाजूला. मग टोप्यांवरून उतरलेल्या, भोक पाडलेल्या मजीदी. त्या चाळीस होत्या. एक उचलून तो हसला. तिची भोकापाशी कड फाटलेली, आणि बरोबर समोरच्या कडेला दुसरं भोक. "हिची तर दोनदा वाट लावलीय." मीही ती हातात घेतली. मीही हसले.

अबू सबरी हळूच म्हणाला, "यातलीच एखादी आईची असेल."

"कुठली?" मी विचारलं.

त्याने चाळीसांवरून बोटं फिरवली.

"चाळीस ठेवून चाळीस आया करणार का, काका? जे ओळखता येत नाही ते तुमचं नाही."

हे मी बोलले. आज कुणी विचारलं तर नाकारणार नाही. त्याने एकदा ढिगाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मान हलवली. सगळी मोड सोनाराकडे गेली. त्यातून काचेची पेटी आली, आत हिरवी मखमल. सुताराला मी बारा खण सांगितले होते. अबू सबरीने परस्पर जाऊन तेरा करून घेतले.

"तेरावा कशाला?"

"असू दे," तो म्हणाला.

प्रदर्शनाला गर्दी झाली. बारा नाणी खरंच देखणी होती. इंग्रजांच्या वेळची आमच्या देशाच्या नावाची, मधोमध भोक असलेली. दोन-तीन सुलतानाची, अक्षरन् अक्षर शाबूत. अबू सबरी नवा शर्ट घालून पेटीजवळ उभा होता. बेद्रोस येईल त्याला सांगत होता, ही निवड आहे, निवड.

झर्क्याहून त्याची मावशी रय्या आली, आईची धाकटी बहीण. काठी टेकत पेटीपाशी गेली आणि वाकून बराच वेळ पाहत राहिली.

"टोपीवरचं एकही नाही?"

"भोक पाडलेली काढली, मावशी. ती खराब धरतात."

"ही नाही का भोकाची?"

"ती टांकसाळीतूनच तशी येतात."

"म्हणजे सरकारने पाडलं तर चालतं, बायकांनी पाडलं की खराब." मग ती हसली. "ताईची मजीदी असती तर तुझ्या या शहाण्याने हाकललीच असती. माझ्या लग्नात टोपी मी घातली होती. नाचता नाचता ओढली गेली, कड फाटली. गावच्या सोनाराने घाईत समोरच्या कडेला दुसरं भोक पाडलं. तेव्हापासून सुलतान आमच्या कपाळावर उलटा लटकायचा. गाव सुटेपर्यंत ताई मला चिडवायची."

पन्नास वर्षांत तिने पहिल्यांदा टोपीचं नाव काढलं होतं. अबू सबरी उजवा तळहात उघडून त्याकडे पाहत राहिला. मी त्याचा दंड धरला आणि आम्ही दोघं सभागृहातून निघालो, टॅक्सी करून सोनारगल्लीत.

सोनार भला माणूस होता. "शनिवारीच भट्टीत गेलं," तो म्हणाला. दुकानात टांगलेल्या नव्या बांगड्या दाखवून म्हणाला, "यातच आहे म्हणा."

मी भांडायला तोंड उघडलं, पण भांडणार कुणाशी?

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "काका, दुहेरी भोकाच्या आणखीही असतील. ती तीच होती कशावरून?"

"माझ्या हातात बारा वर्षं होती, अरीज," तो म्हणाला. "एकदा गालाला लावून बघायचं सुचलं नाही."

महिन्याभराने बेद्रोस आला. फडक्यात गुंडाळलेली मजीदी. डाग नाही, ओरखडा नाही. पैसे नको म्हणाला. त्याचीही नजर वर उठत नव्हती. अबू सबरीने भिंग मागून घेतलं, दोन्ही बाजू निरखल्या, कड पाहिली.

"याहून चांगली मी पाहिली नाही," तो म्हणाला आणि परत दिली.

छावणीतल्या बायका मग त्याला नाणं द्यायला गुपचूप यायच्या. ओढणीच्या गाठीत एखादी भोकाची मजीदी, आजीची, सासूची. प्रत्येकीचं नाणं तो हातात घ्यायचा, ते कुणाचं, कुठल्या गावचं, कधी उसवलं, सगळं विचारायचा. दंडक मोडूनच विचारायचा, आणि बायका सांगायच्या. मग नाणं तिच्याच मुठीत बंद करायचा. "घरी ठेव. हे ओळखीचं आहे."

त्याने पुन्हा एकही नाणं घेतलं नाही.

तो गेल्यावर उम्म सबरीने पेटी मला दिली. ती आता सभागृहात आहे. शाळेची पोरं येतात, बारा नाणी मोजतात आणि विचारतात, तेरावं चोरलं का कुणी? मी झाकण उघडून त्यांना तो खण दाखवते. बाकीच्या बारा खणांत मखमल अजून हिरवी आहे. तेराव्यात अबू सबरीच्या अंगठ्याएवढ्या जागेत ती पार उडून खालचं लाकूड दिसतं.