पगच्या नाकाचे टाके

आमच्या घरी पग आला तो माझ्या नवऱ्यामुळे. हे दौंडला मालगाडीवर गार्ड होते आणि कुरकुंभच्या एका कारखान्यातले मॅनेजर त्यांचे दोस्त. मॅनेजरांची बदली गुजरातेत झाली. तिकडच्या फ्लॅटमध्ये कुत्रा चालणार नव्हता, म्हणून तीन वर्षांचा तो प्राणी त्यांनी ह्यांच्या हवाली केला. टीव्हीवरच्या मोबाइलच्या जाहिरातीत असला कुत्रा नुकताच दिसायला लागला होता, त्यामुळे रेल्वे क्वार्टर्समधली पोरं त्याला बघायला दोन दिवस येत-जात राहिली.

माझ्या सासऱ्यांना मात्र तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. त्यांना सगळी कॉलनी आप्पा म्हणायची, आम्हीही. लोकोशेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेला माणूस, प्रत्येक वस्तू कशासाठी बनवली आहे ते आधी बघायची सवय. पगला समोर बसवून त्यांनी दोन मिनिटं न्याहाळलं आणि म्हणाले, "हे कुत्रं हाय का? पळत येऊन भिंतीवर आपटल्यागत तोंड हाय त्याचं. नाक कुठं ठिवलंय?"

नाकाबद्दल ते बरोबर बोलले होते, पण ते कळायला आम्हाला वर्ष लागलं.

पग घोरायचा. झोपेत घोरायचाच, पण जागेपणीही त्याच्या श्वासाचा खरखर आवाज चालू असायचा. आम्ही हसायचो. पाहुण्यांना मुद्दाम ऐकवायचो. मी एका लहानशा दवाखान्यात अठरा वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. माणसाचा श्वास जरा बदलला तरी माझे कान टवकारायचे. पण हा कुत्रा आहे, ह्या जातीचा आवाजच असा, असं मॅनेजर सांगून गेले होते आणि मी ते धरून बसले. ह्याचं मला पुढे बरंच वाईट वाटलं.

एप्रिलात एका दुपारी मी ड्युटीवरून आले तेव्हा तो मोरीच्या दाराशी आडवा पडला होता. तोंड उघडं, पोट भात्यासारखं हलत होतं आणि जीभ निळी. रंग बघितला आणि पिशवी हातातून सुटली. टेबलावरच्या पेशंटची जीभ अशी झाली की आमच्या दवाखान्यात कुणी कुणाशी बोलत नसे, फक्त हात चालत. मी त्याला उचलून नळाखाली धरलं, मान लांब केली, जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली. दहा-पंधरा मिनिटांनी जीभ गुलाबी झाली. आप्पा दारात उभे होते. "मेलं का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटल्यावर बाहेर गेले आणि बर्फाची लादी फोडून तुकडे घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावातल्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर तरुण होते, गाई-म्हशींच्या रांगेतून त्यांनी आम्हाला आत घेतलं. बॅटरी लावून पगच्या नाकात बघितलं आणि मला म्हणाले, "सिस्टर, ह्याच्या नाकपुड्या बघा. नुसत्या चिरा आहेत. आणि आत टाळूचा मागचा मऊ भाग लांब असणार, तो श्वासनळीच्या तोंडावर पडतोय. ह्याला औषध नाही. कापूनच काढावं लागतं."

"मग काढा की."

ते हसले नाहीत. "मी म्हशीचं पोट उघडून तार काढलेली आहे. पण ह्या एवढ्याशा घशात ब्लेड घालायची माझी हिंमत नाही. खोटं कशाला सांगू?"

त्या वाक्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

मग सर्जन शोधणं सुरू झालं. पगला वेताच्या टोपलीत घालून सकाळच्या पॅसेंजरने आम्ही पुण्याला दोनदा गेलो. एका ठिकाणी सांगितलं, ह्या कुत्र्यांना एसीत ठेवायचं असतं. हे म्हणाले, "रेल्वे आम्हाला पंखा देते." दुसऱ्या ठिकाणचे डॉक्टर चांगले होते, त्यांनी नीट तपासलं, पण असलं ऑपरेशन आपण केलेलं नाही, मुंबईला विचारा म्हणाले. मुंबईला फोन लावला तर दीड महिन्यानंतरची तारीख मिळाली. मे महिना समोर होता. दौंडचा मे. दीड महिना हा काढणार नाही हे मला कळत होतं.

परत येताना टोपली मांडीवर घेऊन मी खिडकीशी बसले होते. हे म्हणाले, "आपण केलं तेवढं केलं." मी टोपलीत हात घालून त्याची छाती चाचपली.

शनिवारी सरकारी डॉक्टर स्वतःहून घरी आले. चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "एक माणूस आहे. शिरूरला. लष्कराच्या पशुवैद्यकीय विभागात होते, मेजर म्हणून निवृत्त झाले. आता डाळिंबाची बाग बघतात. आम्हाला कॉलेजात एकदा शिकवायला आले होते. लष्कराचे कुत्रे ह्यांनी खूप कापलेत. करतील का, सांगता येत नाही. वय झालंय."

"तुम्ही येता का बरोबर?"

"येतो की."

ऊन चढायच्या आत पोचायचं म्हणून रविवारी चर्चला न जाता पहाटेच जीप ठरवून निघालो. मी, आप्पा आणि डॉक्टर. ह्यांची ड्युटी होती. आप्पा का येत होते ते मला कळेना. "शिरूरला माझं काम हाय," एवढंच म्हणाले आणि पुढच्या सीटवर बसले. चौफुल्याहून वळून, पारगावचा भीमेचा पूल ओलांडून, न्हावऱ्यावरून आम्ही गेलो. ओला टॉवेल गुंडाळलेला पग माझ्या मांडीवर खरखरत होता.

मेजरसाहेब बागेतच होते. उंच, वाळकेसे, पायात गमबूट. आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाही. मी सोडलं ते आता." त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटं थरथरत होती. "बघा. ह्या हाताने मी डाळिंबाची फांदीसुद्धा गड्याकडून छाटून घेतो."

तेवढ्यात पग खाली उतरून त्यांच्या गमबुटाशी जाऊन बसला. मेजरसाहेब गुडघ्यावर बसले आणि कान त्याच्या नाकाजवळ नेऊन कितीतरी वेळ ऐकत राहिले. उठले तेव्हा त्यांचा चेहरा वेगळा होता.

"वजन फार आहे ह्याचं," ते म्हणाले. "ह्याला खायला कोण देतं?"

मी म्हटलं, "मी. मोजून देते."

"मोजून दिलेल्याचं हे वजन नाही. आणखी कोण देतं?"

आप्पा खाली बघून म्हणाले, "म्या देतो. दुपारच्याला. दुधात भाकर कुस्करून. आन् थोडं तूप." जरा थांबून म्हणाले, "लई आशेनं बघतंय वो ते."

मला हसू आलं. वर्षभर हा माणूस त्या कुत्र्याला शिव्या देत होता, आणि आम्ही कामावर गेलो की घरात हे चाललं होतं. शिरूरला कसलं काम होतं तेही तेव्हा कळलं.

मेजरसाहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "आणि तुम्ही काय करता?"

"थिएटर सिस्टर आहे. अठरा वर्षं."

"लहान मुलांच्या घशाची ऑपरेशनं बघितलीत?"

"टॉन्सिल्सला उभी राहते दर आठवड्याला."

ते म्हणाले, "पंधरा दिवस द्या. तूप बंद. मी चष्म्याचा नंबर तपासून घेतो."

ते पंधरा दिवस आम्ही मोरीत काढले म्हटलं तरी चालेल. मोरी हीच घरातली सगळ्यात गार जागा. आप्पा ओलं गोणपाट अंथरून, उंबऱ्यावर पेपर घेऊन बसायचे आणि तासातासाला पाणी शिंपडायचे. पग भाकरीची वाट बघत त्यांच्या तोंडाकडे बघायचा. "माझ्याकडं बघू नगं," आप्पा त्याला समजावायचे, "साहेबाचा हुकूम हाय." माझ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लहान मुलांच्या श्वासनळीत घालायच्या नळ्या तीन मापांत दिल्या. काय करणार म्हणून विचारलं, मी खरं सांगितलं. ते म्हणाले, झालं की मला येऊन सांगा.

ऑपरेशन शिरूरमध्ये मेजरसाहेबांच्या एका विद्यार्थ्याच्या दवाखान्यात झालं. सकाळी सातला पगला टेबलावर घेतलं. भूल आणि ऑक्सिजन सरकारी डॉक्टरांकडे. मधल्या मापाची नळी बरोबर बसली. वरचा जबडा पट्टीने वर बांधला, रक्त खाली उतरू नये म्हणून घशात गॉजचा बोळा ठेवला, आणि मी बॅटरी धरून आत बघितलं. टाळूचा तो मऊ पडदा खरंच ओल्या पडद्यासारखा श्वासनळीवर लोंबत होता. एवढं अडलेलं असताना हा प्राणी आमच्या घरात उड्या मारत होता.

मेजरसाहेबांच्या हातात कात्री आली. मी बघत होते. थरथर गेली नव्हती. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "सिस्टर, डावी मूठ माझ्या मनगटाखाली ठेवा. दाबू नका. नुसता आधार."

मी मूठ ठेवली. त्यांच्या मनगटाचं वजन तिच्यावर आलं आणि थरथर माझ्या हातात उतरून थांबली. मग त्यांनी कापलं. थोडं कापायचं, तेवढ्याचे टाके घालायचे, पुन्हा थोडं. एकदाही घाई नाही. मधे एकदा रक्त आलं तेव्हा डॉक्टरांचा चेहरा उतरला. मेजरसाहेब म्हणाले, "थांबा, थांबेल," आणि बोटाने दाबून, जणू बसची वाट बघताहेत इतक्या शांतपणे उभे राहिले. रक्त थांबलं.

मग नाकपुड्या. दोन्ही बाजूंनी डाळिंबाच्या दाण्याएवढा तुकडा काढला. सुई-दोरा घेतला आणि थांबले.

"हे टाके बारीक आहेत. माझ्याने होणार नाहीत. तुम्ही घाला."

"मी?" आमच्याकडे टाके डॉक्टर घालत. अठरा वर्षं मी सुईत दोरा ओवून दुसऱ्याच्या हातात दिला होता.

"किती हजार वेळा बघितलंत? घाला. मी मूठ ठेवू का तुमच्या मनगटाखाली?"

हे ऐकून भूल देणारे डॉक्टर हसले, आणि मीही. मी टाके घातले. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन. दुसऱ्या बाजूचे जास्त चांगले आले.

"बोळा," मी म्हटलं. घशातलं गॉज अजून आतच होतं. मेजरसाहेबांनी मान हलवली, ते काढलं, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाले, "शाबास."

नळी काढायची घाई करायची नाही, असं त्यांनी बजावलं होतं. कुत्रा नळी चावायला लागला की मगच. मी त्याचं डोकं धरून बसले. बऱ्याच वेळाने दात नळीवर आले, एकदा, दोनदा. डॉक्टरांनी ती अलगद काढली.

आणि खोलीत काहीच आवाज राहिला नाही.

दार ढकलून आप्पा आत आले. बाहेरच्या बाकावर बसून त्यांचा कान इकडेच होता. चेहरा पांढरा पडला होता. "आवाज का बंद झाला?" ते म्हणाले. "गेलं व्हय?"

मेजरसाहेबांनी त्यांचा हात धरून पगच्या छातीवर ठेवला. "आप्पा, आवाज नसतो श्वासाला. असाच असतो तो."

आप्पा हात तसाच ठेवून उभे राहिले. छाती वर येत होती, खाली जात होती. मग त्यांनी टोपी काढून डोळे पुसले आणि बाहेर जाऊन सगळ्यांसाठी चहा सांगितला.

पहिले दोन दिवस सूज होती, पातळ पेजेवर ठेवावं लागलं. तिसऱ्या दिवशी तो अंगणातून फाटकापर्यंत पळत गेला आणि स्वतःच दचकून थांबला, की एवढं पळूनही काही झालं कसं नाही. थंडीच्या दिवसांत आप्पा त्याला रोज सकाळी स्टेशनपर्यंत फिरवून आणायला लागले. वजन उतरल्यावर त्याला कंबर आली. पुढे सात वर्षं तो आमच्याकडे होता आणि म्हातारपणाने गेला.

त्या दिवाळीनंतर एकदा फोन आला. मेजरसाहेब होते. नगरहून कुणीतरी असाच एक कुत्रा घेऊन येत होतं, दौंडचे सरकारी डॉक्टर यायला तयार होते. "ह्या वेळी कात्री त्यांच्या हातात देतोय," मेजरसाहेब म्हणाले. "मी नुसता उभा राहणार. नाकाचे टाके कुणी घालायचे ते ठरलेलंच आहे. रविवारी मोकळ्या आहात का?"

रविवारी सकाळी मी चर्चला जायचे. त्या रविवारी पहिल्या एसटीने शिरूरला गेले. डबा आप्पांनी भरून दिला, चार माणसांचा.