कुणाचं नाव नसलेली वेळ

सोपान गेल्याची बातमी भिकूने आणली, हेच मला अजून पचलेलं नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर रखवालदाराने निरोप पाठवला, की मोशीहून कुणीतरी भेटायला आलंय. मला वाटलं, सोपानच असेल. भुईमूग काढायला त्याने आठवडाभर रजा टाकली होती. बाहेर येऊन बघतो तर भिकू. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पायांना पोटरीपर्यंत ओली माती. अकरा वर्षांपूर्वी नोकरी सोडून तो ज्या गेटातून बाहेर पडला, त्याच्या आत त्याने पुन्हा कधी पाऊल टाकलं नव्हतं, आणि त्या दिवशीही तो बाहेरच उभा राहिला. म्हणाला, "सोपान गेला. सकाळी, शेतातच. कंपनीत तुमी कळवा." आणि सायकलला टांग मारून निघून गेला. मी त्याला थांब म्हणालो नाही. हे दोघे शेजारी, बांधाला बांध लागलेला, आणि अकरा वर्षं सोपान त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता. का, ते भिकूला आणि मला, दोघांनाच नीट ठाऊक होतं. भिकूने ते सांगून पाहिलं होतं. मी सांगितलं नव्हतं.

याला आता पाच आठवडे झाले. मला लिहायची सवय नाही. आयुष्यभर जे लिहिलं ते तक्त्यांच्या चौकटीत. चार वेळा सुरुवात केली आणि उठून गॅलरीत गेलो. सोपान कसा हसायचा, कसा पोहायचा, हे लिहायला घेतलं की हात चालतो, आणि मग एका जागी येऊन थांबतो... त्या जागेपर्यंत आज जायचंच आहे.

साठीच्या दशकात भोसरीच्या आसपास एकेक कारखाना उभा राहत होता, तेव्हाची गोष्ट. आमच्या कंपनीत मी टाइम स्टडी खात्यात लागलो. काम असं, की कामगाराच्या मागे स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं, एका नगाला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि त्यावरून शिफ्टचा कोटा बांधून द्यायचा. आम्ही मागे उभे राहिलो की कामगार मुद्दाम सावकाश हात चालवायचे. ते आम्हाला माहीत असायचं, आम्हाला माहीत आहे हे त्यांनाही माहीत असायचं, आणि त्या दोन्हींच्या मधे कुठेतरी कोटा ठरायचा. खात्यातल्या आम्हा लोकांजवळ कुणी डबा उघडत नसे. सोपानने उघडला. पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "या घड्याळराव, बसा. भाकर किती मिंटात खातो ते बी लिवून घ्या." तेव्हापासून मी त्याचा घड्याळराव झालो.

त्याचा दिवस मला तोंडपाठ होता. पहाटे उठून शेताला पाणी, मग भिकूला पुढच्या दांडीवर बसवून मोशीहून भोसरीपर्यंत सायकल, सात ते साडेतीन ड्रिलिंग मशीन. दोघांत सायकल एकच. जाताना सोपान मारायचा, येताना भिकू. माणसं शिफ्ट सुटल्यावर पिळून काढल्यासारखी गेटबाहेर पडायची. सोपान मात्र जसा आत गेला तसाच ताजा बाहेर यायचा. मी तेव्हा सडाफटिंग, भोसरीत खोली घेऊन राहायचो. त्यांच्यामागोमाग मीही मोशीला जायचो. इंद्रायणीच्या डोहात त्याने मला पोहायला शिकवलं. म्हणजे पाठीखाली एक हात धरायचा आणि बोलता बोलता तो कधी काढून घ्यायचा ते कळायचं नाही. नंतर तो नुसता दगडावर बसायचा, उन्हं उतरेपर्यंत. मी एकदा विचारलं, की अरे, एवढा वेळ काय करतोस? त्याने सांगितलं, "काय न्हाई करत. कंपनीची येळ कंपनीला दिली, रानाची रानाला. घरी गेलो की घरची. ह्या येळंला कुणाचं नाव न्हाई, राव. म्हनून तर ग्वाड लागती." मी हसलो. वेळ म्हणजे मिनिटाचे तुकडे, एवढंच मला शिकवलं होतं.

तो ताजा का राहायचा, याचं गुपित त्याने दोन वर्षांनी मला दाखवलं. भंगारातल्या पट्ट्या घासून त्याने एक पकड बनवली होती. तिच्यात एकाऐवजी दोन नग बसायचे आणि भोकं नेमकी जागेवर पडायची. लॉकरमध्ये टॉवेलखाली ठेवायचा, साहेब दूर असला की काढायचा. दिवसाचं काम दुपारीच उरकत यायचं, मग उरलेला वेळ हळूहळू, अंगाला त्रास न देता. हे फक्त शेजारच्या मशीनवरच्या भिकूला माहीत होतं. त्या दिवशी सोपानने इकडेतिकडे पाहिलं, पकड बसवली आणि माझ्यासमोर दोन नग काढून दाखवले. चेहरा असा, जसा एखादा आपलं बाळ दाखवतो.

आणि माझा हात खिशात होता. खिशात स्टॉपवॉच होतं. पहिला नग लागला तेव्हा मी अंगठ्याने ते दाबलं, आणि दुसरा निघाला तेव्हा पुन्हा दाबलं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की सवयीने झालं. सवयीने झालं असतं, तर खोलीवर जाऊन तो आकडा मी कागदावर लिहिला नसता.

माझी नोकरी पक्की व्हायची होती. साहेबांनी सांगून ठेवलं होतं, की कायम व्हायचं असेल तर एखादी सुधारणा दाखव. तो कागद मी तीन महिने वहीत ठेवला. चौथ्या महिन्यात साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि माझं नाव बाहेर येऊ नये एवढं मागितलं. त्यांनी ते पाळलं. पुढच्या सोमवारी दोन अधिकारी सरळ सोपानच्या लॉकरपाशी गेले. शिक्षा केली नाही. पाठ थोपटली, शाबासकीचं पत्र दिलं, आणि महिन्याभरात तशीच पकड प्रत्येक मशीनला बसवून सगळ्या लाइनचा कोटा दुपटीच्या जवळ नेला. लोक सोपानच्या जिवावर उठले. "तुझ्या हुशारीनं आमचा जीव घेतलास की रं," असं तोंडावर म्हणायचे.

माहीत असणारे दोघंच होते. आणि नेमकी त्याच आठवड्यात भिकूची टूलरूममध्ये बदली झाली. सोपी, बसून करायची जागा. त्याने वर्षभरापूर्वी अर्ज दिला होता. शिफ्ट सुटल्यावर गेटवर सोपानने सगळ्यांदेखत त्याची कॉलर धरली. भिकूने माझ्याकडे बोट केलं. म्हणाला, "ह्यांचं कामच त्ये हाय, ह्यांना इचार." कुणीतरी हसलं. सोपान भिकूला म्हणाला, "ह्याला सांगायचं असतं तर म्या दावलं त्याच दिशी सांगितलं असतं. माज्या डोहात पवतोय ह्यो." आणि माझ्याकडे वळला.

"घड्याळराव, तुमी सांगा. कुनी सांगितलं?"

मी म्हणालो, "जाऊ दे सोपान. झालं ते झालं."

मी भिकूचं नाव घेतलं नाही, हे मी कितीदा स्वतःला बजावलंय. पण तेवढ्या बोलण्याने काम झालं. सगळ्यांना वाटलं, मला माहीत आहे आणि मी भिकूला सांभाळून घेतोय. सोपानने कॉलर सोडली आणि सायकल एकट्याने नेली. भिकू चालत गेला. टूलरूममध्ये लोक त्याच्या पाण्याच्या तांब्याला शिवेनात. गावात पोरंसोरं मागून 'चुगल्या' म्हणून ओरडायची. दिवाळीच्या आत त्याने नोकरी सोडली.

माझी नोकरी पक्की झाली. लग्न झालं, चिंचवडला घर झालं. रविवारी मी मोशीला जातच राहिलो, आणि हे सांगताना मला सगळ्यात जास्त लाज वाटते. सोपानची बायको यशोदा मला पहिली गरम भाकरी वाढायची. सोपान पुढ्यात ताट घेऊन बसल्या बसल्या पेंगायचा. डोहावर जाणं आठवड्यातून एकदा, मग सणावारी, मग बंदच झालं. एकदा मीच म्हणालो, चल की पोहायला. तो म्हणाला, "अंगात जीव कुठं हाय आता..." आणि भिंतीला टेकला. डॉक्टर म्हणाले हृदयविकार. मी त्याहून वेगळं काही म्हणत नाही. पण मोजायची खोड जात नाही. त्याच्या किती संध्याकाळी गेल्या, ते मी मोजायला बसतो आणि अर्ध्यात उठतो.

तेराव्यानंतर आठवड्याने मी यशोदेला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही तिचा. एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "मला कशाला सांगता भावजी? ज्यांना सांगायचं त्ये बांधापल्याड हायती."

भिकू दारं धरत होता, उसाच्या सऱ्यांतून पाणी फिरवत. मी बांधावर उभा राहून बोललो. तो ऐकत ऐकत एका सरीचं तोंड मातीने बुजवत होता, दुसरीचं फोडत होता. मला वाटलं शिवी देईल, हात उगारेल. त्याने कपाळ पुसलं.

"मला काय नवीन सांगताय, साहेब? त्याला सांगायचं हुतं. आता मी कुनापुढं खरा ठरू?"

पुढच्या सरीचं तोंड फोडत तो म्हणाला, "पेपरात लिवा. माजं नाव घालून लिवा. मला चुगल्या म्हननारी समदी पेपर वाचत्यात." म्हणून हे लिहिलं. भिकूने सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं.

मी निघालो नाही, त्यानेही जा म्हटलं नाही. दोघांची विहीर सामाईक, पाण्याची पाळी ठरलेली. बोलणं बंद झाल्यावर पाळी संपली हे कसं कळवायचे, ते त्याने त्या दिवशी सांगितलं. ज्याचं पाणी झालं त्याने बांधावर खोरं उभं रोवायचं. दुसऱ्याने ते दिसलं की यायचं आणि तेच उपसून आपलं पाणी धरायचं. अकरा वर्षं दोघांत एवढीच बोली. "पयल्या सालाला सरळ रोवायचा," भिकू म्हणाला. "मंग कवातरी दांडा माज्याकडं कलता ठिवाया लागला. वाकावं लागू नये म्हनून. माजी कंबर धरती, त्याला दिसायचं. बोलला न्हाई कदी, पर दांडा कलता."

एखाद्या रविवारी, ताटावर, मी एक वाक्य बोललो असतो...

भिकूची पाळी संपली. त्याने पाय धुतले, बांधावर चढला आणि दोन्ही हातांनी खोरं मातीत रोवलं. मागे सरून पाहिलं, मग पुढे येऊन थोडं हलवलं, आणि माझ्याकडे न बघता घराकडे चालू लागला. दांडा सोपानच्या रानाकडे कलता होता.