एकशे अठ्ठाविसाव्या पानानंतर

आमच्या वाचन मंडळात माणसं चार आणि पुस्तक एक. याला मंडळ म्हणणं जरा जास्तच होतं, पण सरांनी तसं नाव ठेवलं आणि तिरोड्यात कोणी हसलं नाही, म्हणून ते राहिलं. सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. दुसरी आमच्या कोपऱ्यावरची मेडिकलवाली भाभी. घरात सगळं हिंदी, पण मराठी कादंबऱ्यांचा आपण फडशा पाडतो असं तिचंच म्हणणं. तिसरी मी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली, तोंडाची फटकळ. आणि चौथी माझीच जुनी विद्यार्थिनी. ती चोरखमारा गेटवर गाईड आहे, पर्यटकांसोबत जिप्सीत बसून त्यांना नागझिऱ्याचं जंगल दाखवते. आठवड्यात ज्या दिवशी गेट बंद असतं त्या दिवशी आम्ही माझ्या छपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत बसतो, खास तिच्यासाठी.

रीत अशी की चौघांत मिळून एकच प्रत घ्यायची. ती घरोघर फिरते. वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं सही करायची आणि पुस्तक पुढच्याकडे द्यायचं. चौथी सही झाली की चर्चा, आणि त्याच्या पुढच्या बैठकीत नवीन कादंबरी निवडायची. गाईड सगळ्यांत नवी, म्हणून तिचा नंबर कायम चौथा.

गेल्या हिवाळ्यातली ती जाडजूड कादंबरी मीच आणली होती, नागपूरच्या पुस्तक प्रदर्शनातून. कव्हरवर बक्षिसाचा गोल शिक्का होता आणि मला शिक्क्याचं भारी कौतुक. आता खोटं कशाला बोलू, मी तिची जेमतेम नव्वद पानं वाचली. नायिका बसल्या जागी इतका विचार करायची, इतका विचार करायची, की भाजी करपायची. तिची नाही, माझी! शेवटी मागची दहा पानं चाळली आणि ठोकली सही. पहिली सही माझी, चांगली ठसठशीत.

चर्चेच्या दिवशी सर म्हणाले, "नवऱ्याचा मृत्यू किती संयमानं रंगवलाय, नाही?"

"एक शब्द जास्तीचा नाही," मी लगेच री ओढली. भाभीनं तर पदर डोळ्याला लावला. "दीदी, मेरी तो आँख भर आई," म्हणाली.

गाईड खाली मान घालून शेंगा फोडत बसली होती. तुला कसं वाटलं गं, असं मी विचारलं तर "चांगलं आहे जी" एवढंच म्हणाली. मी मनात म्हटलं, पोरीला झेपलं नसेल. हो, असंच म्हटलं, आता लिहिताना लाज वाटते.

मग आली निवडीची बैठक. मी पुन्हा शिक्कावाली कादंबरी घेऊन तयार, यावेळी दोन खंडांची. सरांना ऐतिहासिक हवी होती. भाभी म्हणत होती, ज्यात कोणी मरत नाही अशी बघा, दिवसभर आजारीच लोक बघते मी. आमची जुंपली होती तेवढ्यात गाडी थांबल्याचा आवाज आला आणि गाईड छपरीत चढली. डोक्यावरचं हेल्मेट तसंच. हातात ती जुनी जाडी कादंबरी, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली. तिनं ती माझ्यासमोर ठेवली.

"बाई, माझं नाव काढून टाका. आजपासून मी नाही येऊन राहिली."

माझं डोकंच सणकलं. एवढं दिवस बदलून, वार बदलून हिच्यासाठी सगळं करायचं आणि ही उठून चालली! "काऊन? कंटाळा आला? की पर्यटकांनी जास्त शहाणं केलं तुला?"

"नाही जी. मले जमून नाही राहिलं."

"काय जमून नाही राहिलं? नीट सांग, कोड्यात नको बोलू."

तिनं हेल्मेट काढलं आणि मांडीवर घेतलं. "तीनदा वाचलं मी हे. ते बाई विहिरीवर जाते, सासूसोबत भांडण होते, नवरा बाजारातून येते. मंग पुन्हा ते विहिरीवर जाते, पुन्हा तेच भांडण, तोच बाजार. म्हटलं मोठ्या लेखकाचं असंच राहत असंन. आणि मंग एकदम नवऱ्याची तेरवी! तो मेला कवा, कायनं मेला, मले सापडलंच नाही. जंगलात पंजा दिसला तर वाघ कोणीकडं गेला ते सांगता येते मले. ह्या पुस्तकात एवढा मोठा माणूस कुठं गेला ते नाही सांगता आलं. तुमी सारे त्याच्या मरणावर केवढं बोलले त्या दिवशी. साऱ्यांले समजलं, मलेच नाही. माझं डोकं कमी आहे बाई, तुमच्यात कायले बसू मी?"

मी वर्तमानपत्र सोडलं आणि पुस्तक उघडून पानांचे नंबर बघत गेले. एकशे अठ्ठावीस नंबरचं पान उलटलं. पुढं एकशे तेरा! एकशे तेरा ते एकशे अठ्ठावीस पुन्हा, शब्दन्‌शब्द तेच, आणि त्यानंतर थेट एकशे पंचेचाळीस. बांधणी करणाऱ्यानं एकच सोळा पानांचा गठ्ठा दोनदा लावला होता आणि पुढचा गाळला होता. नवरा त्या गाळलेल्या सोळा पानांत मेला होता. म्हणजे आमच्या प्रतीत तो मेलाच नव्हता. आणि आम्ही तिघं त्याच्या मरणाच्या वर्णनावर, एक शब्द जास्तीचा नाही म्हणून, वाहवा करून मोकळे झालो होतो. खरंच नव्हता हो एकही शब्द.

पुस्तक मिटून टाकावं, असं पहिल्यांदा मनात आलं. "अगं, ही छपाईची चूक, मी तेव्हाच पाहिली होती, सांगायची राहिली." वाक्य अगदी जिभेवर तयार होतं. इतक्या वर्षांची मास्तरकी, वेळ मारून नेणं मला काय नवीन? सरांकडे पाहिलं तर ते चष्मा पुसत होते, पुसतच होते.

पण तिचं ते "साऱ्यांले समजलं, मलेच नाही" कानातून जाईना. ते वाक्य तिचं नव्हतंच, माझं होतं. सातवीच्या वर्गात मी विचारायचे, समजलं ना? सगळा वर्ग "हो" म्हणायचा आणि ही एकटी हात वर करायची, नाही समजलं बाई. एकदा मी वैतागून म्हटलं होतं, सगळ्यांना समजलं, तुलाच कसं नाही समजत गं? त्यानंतर तिनं हात वर केला नाही. दहावीनंतर शाळा सुटली तिची. आणि आता ती दुसऱ्यांदा उठून चालली होती, यावेळी माझ्याच छपरीतून. ही आज गेली तर पुन्हा पुस्तक हाती धरायची नाही, हे मला दिसत होतं.

"बस खाली," मी म्हटलं. "मी हे पुस्तक वाचलं नाही."

ती बघतच राहिली.

"नव्वद पानं वाचली, बाकी थापा. सही खोटी. या पुस्तकाची सोळा पानं गायब आहेत आणि चौघांत ते एकट्या तुला कळलं, कारण वाचलं एकट्या तूच. बघ." मी पानं उलटून तिच्यासमोर धरली. एकशे अठ्ठावीस, एकशे तेरा.

सर खाकरले. "मी आधी शेवट वाचतो," ते म्हणाले, "आणि शेवट वाचला की मग मधलं..." मुख्याध्यापक माणूस, कान लाल झाले होते.

आम्ही दोघं भाभीकडे वळलो. "मला काय बघता?" भाभी उसळली. "दुकानात सर गोळ्या घ्यायला आले तेव्हा त्यांनाच स्टोरी विचारली मैंने! झूठी स्टोरी सांगितली ना सर तुम्ही?"

आणि गाईडला हसू फुटलं. आधी हेल्मेटमध्ये तोंड घालून हसली, मग मोठ्यानं, गेटवर ऐकू जाईल अशी. तिला बघून आम्ही. सरांच्या तर डोळ्यातून पाणी आलं. बाप्पा, किती हलकं वाटलं म्हणून सांगू! रिटायर झाले त्या दिवशीही इतकं सुटल्यासारखं वाटलं नव्हतं. मला ती कादंबरी आवडली नव्हती, कळली नव्हती, आणि आता ते कोणापासून लपवायचं नव्हतं.

चहा झाला. माझे दोन खंड मी स्वतःच उचलून आत नेऊन ठेवले. निवड तूच कर, असं तिला सांगितलं तर म्हणाली, "मले कोणती चांगली ते नाही माहीत. साऱ्या पानांची पाहिजे, बस."

सरांनी वाचनालयातून आणलेल्या चार कादंबऱ्या सतरंजीवर होत्या. तिनं त्यातली सगळ्यांत पातळ उचलली आणि बोट ओलं करून पहिल्या पानापासून नंबर तपासत गेली. आम्ही तिघं शाळेतल्या पोरांसारखे गप्प बसून बघत होतो. शेवटचं पान आलं. "बराबर आहे," ती म्हणाली. कादंबरी ठरली. आणि भाभीनं तिथल्या तिथं नियम काढला की आजपासून पहिली गाईड वाचणार आणि सगळ्यांत शेवटी मी.

माझ्याकडे पुस्तक यायला दोन महिने लागले. वाचनालयाचं असलं तरी आत पेन्सिल चाललेली होतीच. मध्यावर, नायक घर सोडून जातो त्या पानाच्या समासात गाईडच्या बारीक अक्षरात होतं, "इथं समजलं नाही." त्याखाली सरांचं वळणदार अक्षर, "मलाही." त्याखाली भाभी, "मुझे भी."

मी ते पान तीनदा वाचलं. खरंच वाचलं. मग पेन्सिलीला टोक केलं आणि भाभीच्या खाली लिहिलं, "बाईंनासुद्धा नाही."