पुढच्या बसनं नेतो

जुन्या हुबळीतलं आमचं घर बसथांब्यापासून चार पावलांवर आहे, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू होते. कलघटगीकडचे आमचे झाडून सारे नातेवाईक बाजाराला हुबळीत येतात, दुपारी आमच्याकडे चहा पितात आणि निघताना हातातलं जड काहीतरी दाराशी टेकवून म्हणतात, "हे इथं असू दे की. पुढच्या बसनं नेतो."

ती पुढची बस गेल्या वीस वर्षांत काही आली नाही. वस्तू मात्र खालच्या खोलीत साठत गेल्या. एका काकांची पाण्याची मोटार. दोन पत्र्याच्या ट्रंका. कुणाच्या तरी शेतावर जायला निघालेलं पाइपाचं भेंडोळं. बेळगावच्या भाचीसाठी आणलेला कलघटगीचा रंगीत लाकडी पाळणा. ज्या बाळासाठी तो घेतला, ते बाळ परवा मोटारसायकलवरून येऊन माझ्या पाया पडून गेलं.

मी तारिहाळच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. तिथं कुणी अर्ध्या इंचाचा बोल्ट मागितला तर डोळे मिटून काढून देतो. ही गोष्ट आमची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगते आणि मग खालच्या खोलीचं दार उघडून दाखवते.

अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, कलघटगीला एकटी राहायची. शाळेतून निवृत्त झालेली, भावजी जाऊन बरीच वर्षं झालेली, घर भाड्याचं आणि माडीवर. गेल्या श्रावणात न्हाणीघरात पाय घसरून पडली. गुडघा गेला. डॉक्टरांनी जिना बंद सांगितला. मी त्याच दिवशी फोनवर छाती काढून म्हणालो, "अक्का, आठ दिवसांत खालची खोली रिकामी करतो. तू इकडं ये."

पहिल्या रविवारी मी नवं रजिस्टर आणलं. वस्तू, कुणाची, स्थिती, शेरा असे रकाने पाडले. लाल शाईनं रेघा मारता मारता जेवायची वेळ झाली. दुसऱ्या रविवारी दार उघडलं, आत बघितलं, दार लावलं आणि कुणाकुणाला फोन करायचे त्याची यादी केली. तिसऱ्या रविवारी सण होता. चौथ्या रविवारी माझ्या लक्षात आलं, की आधी रॅक पाहिजेत, रॅकशिवाय हे काम शास्त्रशुद्ध होणारच नाही.

"रॅक कुठं ठेवणार?" बायकोनं विचारलं.

"खोलीत."

तिनं खडू आणला आणि खोलीच्या दारावर कन्नडमध्ये ठळक लिहून टाकलं, 'नाळे बा'. उद्या ये. आमच्याकडं भुतासाठी दारावर असं लिहायची पद्धत होती. भूत वाचतं, परत जातं, दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा तेच वाचतं. "ते भूतसुद्धा तुमच्यापेक्षा नेमानं येत असेल," ती म्हणाली.

अक्काचा फोन रोज सकाळी सातला. "तम्मा, खोली झाली काय रे?" धाकट्या भावाला कन्नडमध्ये तम्मा म्हणतात. पन्नाशी ओलांडली तरी मी तम्माच. "होते की अक्का, या रविवारी." असे तीन महिने गेले.

मग एक दिवस तिनं विचारलंच नाही. थंडीबद्दल बोलली, शेजारणीच्या म्हशीबद्दल बोलली. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "मी इथंच सोबतीला एक बाई बघते. तुमची अडचण कशाला?"

"अडचण कसली त्यात?"

"जागा करायची असती तर झाली असती रे, तम्मा."

टोमणा मारला असता तर मी पचवला असता, तेवढी सवय आहे. पण तिनं अगदी साधं, समजूत घातल्यासारखं सांगितलं.

नेमका त्याच दुपारी माझा मामेभाऊ एक पोतं खांद्यावर घेऊन हजर. "अण्णा, हे इथं असू दे."

आमच्या घरातनं कुणाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, ही आईनं घातलेली शिस्त. बायको आत त्याच्यासाठी शेंगाची चटणी बांधत होती. माझं डोकं फिरलं. मी खोलीत शिरलो, मोटार उचलली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. "हे घे. रिकाम्या हातानं जायचं नाही."

"अण्णा, ही माझी नव्हे!"

"काकांची आहे. तुझ्याच गल्लीत राहतात. आणि हे पोतं पण उचल."

"बस चुकेल की!"

"पुढची आहे ना?"

बायको चटणीची पुडी घेऊन दारात उभी राहून बघत होती. तिनं ती पुडी मोटारीवर ठेवली.

त्या दिवसापासून ठरलं, रोज एक वस्तू. पाहुणा आला तर त्याच्या हातात, नाही आला तर माझ्या स्कूटरवर. रजिस्टर उघडायचं नाही. हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. मोटार चार दिवसांनी परत आली. काकांचा निरोप होता, 'दुरुस्ती हुबळीतच होते, तिथंच असू दे.' पाचव्या दिवशी ती पुन्हा गेली. सकाळी मी अक्काला सांगायचो, "काल ट्रंक गेली." ती "बरं" म्हणायची. सोबतीच्या बाईचा विषय मात्र ती काढेना, तेवढ्या आशेवर मी दुसरी ट्रंक उचलायचो.

आणि पाळणा सोडून लोकांचं सगळं गेल्यावर कळलं, की अर्धी खोली अजून भरलेलीच आहे आणि ती माझी आहे! दुरुस्त करू म्हणून ठेवलेले तीन पंखे. पोस्टानं शिकायच्या कोर्सची न फोडलेली पुस्तकं. कधीच न शिकलेला तबला. वीस वर्षं मी पाहुण्यांना शिव्या घातल्या होत्या.

"आता हे कुणाच्या हातात देणार?" बायको म्हणाली.

रोज एक. तबल्याला तीन दिवस लागले, कारण दोन दिवस मी त्याच्यावर बोटं मारत बसलो.

अक्का आली तेव्हा खाट मावत होती, पण कोपऱ्यात पाळणा आणि पंखे उरलेच होते. ती काठी टेकत दाराशी थांबली. दारावरचं अर्धवट पुसलेलं 'नाळे बा' बघून म्हणाली, "हे कुणासाठी?"

"भुतासाठी," बायको म्हणाली.

"बरं झालं, मी आज आले."

मग खाटेवर बसून तिनं सगळीकडं नजर फिरवली. "पाळणा राहू दे. पुस्तकं ठेवीन त्यात." पंख्यांबद्दल काही बोलली नाही. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला नाही. खालून जिन्याच्या पायरीवर काठी वाजली. "तम्मा, आजची वस्तू कुठली?"

"पंखा," मी वरून म्हणालो. "पण आज जरा घाई आहे अक्का, रविवारी..."

काठी पुन्हा वाजली. मी खाली गेलो आणि पंखा उचलला.