कुळथाच्या पिठाला येणाऱ्या सिस्टर

सिस्टरांनी कधी कुणाला ‘का केलंस?’ असं विचारलं नाही. बारावीत नापास झाल्यावर मी जिवाचं बरंवाईट करून घ्यायला गेले आणि वाचले. मनोरुग्णांच्या दवाखान्यात डॉक्टर, हवालदार, आत्या, सगळे हाच एक प्रश्न घेऊन खाटेशी उभे. सिस्टर उशी सारखी करत म्हणाल्या, “पेज खाल्लीस काय गो? आधी खा. बाकीचं राहू दे.”

घरी सोडल्यावर दर गुरुवारी, आपल्या सुट्टीच्या दिवशी, त्या मिरजोळ्याला आमच्याकडे यायच्या. पण त्या नोकरी कुठे करतात हे सगळ्यांना ठाऊक, आणि आईला माझ्या लग्नाचा घोर. तोड त्यांनीच काढली. चार घरांना ऐकू जाईल अशा बेतानं अंगणातून ओरडायच्या, “वैनी, कुळथाचं पीठ आहे काय?” मग मागच्या पडवीत माझ्यापाशी तासभर. कधी बोलायच्या, कधी नुसत्या बसायच्या. “गडग्याचा एक दगड निसटला म्हणून आख्खा गडगा कोण पाडतं?” परसातल्या दगडी कुंपणाकडे बोट दाखवून एकदा म्हणाल्या. वर्षभर पीठ नेलं. एवढी पिठी खातं कोण, विचारलं तर म्हणाल्या, “मला तर कुळीथ सोसतच नाय. वाटून टाकते. शेजारणी आता मला बघून दार लावतात!”

लग्नाला तीन महिने झाले होते. गणपतीपुळ्याच्या गाडीसाठी मी सासूबाईंबरोबर रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर उभी होते. समोरून सिस्टर आल्या, हसल्या. “बरं आहे ना सगळं?”

“कोण गं ह्या?” सासूबाईंनी विचारलं.

“ओळखत नाही. माणूस चुकल्या असतील.” तोंडून निघून गेलं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. निघून गेलं कसलं, मी म्हटलं.

सिस्टरांनी आम्हा दोघींकडे पाहिलं. “होय, चुकलंच,” म्हणाल्या आणि गर्दीत शिरल्या.

माफी मागायला जाईन जाईन म्हणत दोन वर्षं गेली. माहेरी जायचे, पण त्यांच्याकडे वाट वाकडी केली नाही. लाज वाटायची, आणि सासरी कळेल ही भीती लाजेहून जास्त. मग आईनंच निरोप धाडला, सिस्टर काविळीनं गेल्या.

त्या दिवशी चुलीपुढे मला रडू आवरेना. सासूबाईंनी विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं, दवाखान्यापासून स्टँडपर्यंत. आता संसार मोडला, असंच वाटलं. सासूबाई पाटावर बसल्या.

“माझ्या धाकट्या भावाला त्याच दवाखान्यात त्यांनीच जगवलंनी,” त्या म्हणाल्या. “स्टँडवर मला वाटलं, माझ्याशीच बोलायला आल्या. भावाचं तुला कळू नये म्हणून विचारलं गो मी, कोण ह्या.”