हौदात न सापडलेली बोरमाळ

ती बाई आजही आठवली की मला खुर्चीत स्वस्थ बसवत नाही. मी जळगावकडचा फौजदार, सोलापुरात बदली होऊन जेमतेम महिना झाला होता. ती थंडीत स्वेटर विकायला आलेली तिबेटी निर्वासित. जन्म मात्र कर्नाटकातल्या तिबेटी वसाहतीतला.

खबर फोनवरून आली. "साहेब, आमच्या गल्लीतली म्हातारी रोज त्या स्वेटरवालीकडं जाऊन बसती. आता म्हातारीच्या गळ्यातली बोरमाळ गायब हाय."

तासाभरात म्हातारीचे दोन्ही मुलगे तक्रारी अर्ज घेऊन हजर झाले. महिला शिपाई पाठवून मी बाईला ठाण्यात आणलं, तिच्या खोलीतले स्वेटरचे गठ्ठे उचकले. काही मिळालं नाही. मग तिचं निर्वासिताचं नोंदणी प्रमाणपत्र टेबलावर ठेवून दरडावलं, "चोरीचा गुन्हा दाखल झाला तर याचं नूतनीकरण विसर."

हिंदी तिला गिऱ्हाइकापुरतीच येत होती.

"बोरमाळ तुझ्याकडेच आहे ना?"

"हौद्री."

"कुठे?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"लपवलीस ना?"

"हौद्री."

झालं! तिच्या खोलीमागे पाण्याचा हौद होता. दोन शिपायांनी तो उपसून रिकामा केला. शेवाळ तेवढं निघालं.

तेवढ्यात आमचे कर्नाटक सीमेवरच्या मैंदर्गीचे हवालदार कोर्टातून परतले. सगळं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "अवो साहेब, हौद न्हाय ते! कानडीत 'हौद्री' म्हंजी 'व्हय जी'. बाई मगापासनं व्हयच म्हनालीय की तुमाला!"

त्यांनी स्टूल ओढलं आणि कानडीत विचारलं. बाई एकदम रडायलाच लागली, मग घडाघडा बोलली. तिचा चेहरा बघून तिला कानडी येत असेल असं आम्हा कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! "बोरमाळ हिच्याकडंच हाय साहेब. पर पोरांना दावू नगं म्हनून म्हातारीनं शब्द घेतलाय. म्हातारीच्या हातातच देनार म्हनती." कागद जायची वेळ आली तरी बाई शब्दाला चिकटून होती.

म्हातारीला बोलावलं. मुलांना बघताच ती भडकली. "मीच दिली ठिवायला! माज्या जित्तेपणी वाटण्या करायला बसल्यात ही!"

"पण आजी, घरचं सोडून परक्या बाईकडे?"

"परकी? घरात कुणाला दोन शब्द बोलायला सवड न्हाय. ही माज्या कानडीत माजं दुकनं-खुपनं इचारती. परके तुमीच वो साहेब!"

बाईनं अंगातल्या जाकिटाचं अस्तर उसवलं आणि बोरमाळ म्हातारीच्या ओंजळीत ठेवली. दोघी बराच वेळ कानडीत बोलत राहिल्या. मला एक अक्षर कळलं नाही.

मी बाईची माफी मागितली, कागद परत केला. तपासात एक गोष्ट शिकलो: समोरच्याला आधी विचारावं, तुला कोणत्या भाषेत बरं वाटेल. त्या दिवशी मी हे विचारलं नाही. गुन्हा काही दाखल झाला नाही. पण शब्द पाळणारी एक बाई माझ्यामुळे चार तास चोर म्हणून ठाण्यात बसली, हे मला कुठेच खोडता येत नाही.